चित्रकाराची वेबसाइट नेमकी कुणासाठी असते?

रेघोटी

चित्रकारानं स्वतःची वेबसाइट करावी का, हा प्रश्न हल्ली 'इन्स्टाग्राम आहे की' एवढ्यावर संपतो. तो तसा संपू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा. चित्रकार म्हणताना शिल्पकार, मुद्राचित्रकार (छापे काढणारे), छायाचित्रकार, मांडणशिल्पं (जागा व्यापणाऱ्या रचना) करणारे असे सगळे धरले आहेत.

समाजमाध्यमांवर तुमचं चित्र बघणारा ते शोधत आलेला नसतो. इतर असंख्य गोष्टी बघता बघता ते त्याच्यापुढून सरकतं. वेबसाइटवर येणारा मात्र तुमचं नाव लिहून आलेला असतो. कुठंतरी एक काम त्याच्या नजरेत भरलेलं असतं आणि बाकीचं बघायची त्याला ओढ असते. तो प्रदर्शनं रचणारा क्युरेटर असेल, संपादक असेल, चित्र विकत घेऊ पाहणारा असेल, प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी असेल. असे लोक थोडेच असतात. पण प्रदर्शनाचं बोलावणं, एखादं मोठं काम, कुणीतरी अभ्यासानं लिहिलेला लेख, हे सगळं बहुतेक वेळा या थोड्यांकडूनच येतं. माझं म्हणणं असं की वेबसाइट त्यांच्यासाठी बांधावी.

एकदा हे ठरलं की पहिल्या पानावर काय हवं याचं उत्तर आपोआप मिळतं. काम हवं. स्वागताचा मजकूर, सरकती अक्षरं, 'आत या' म्हणणारं बटण, यांतलं काही नको. आणि प्रत्येक कामाखाली नाव, वर्ष, माध्यम, माप. हे चार तपशील नसलेल्या साइट इतक्या दिसतात की वाईट वाटतं. पडद्यावर तळहाताएवढं रेखाटन आणि भिंतभर कॅनव्हास एकाच आकाराचे होतात. माप लिहिलं नाही तर बघणाऱ्याला चित्र अर्धंच कळतं. (मापात आधी उंची, मग रुंदी, शिल्प असेल तर शेवटी खोली. बहुतेक संग्रहालयं हाच क्रम पाळतात.)

नमुना बघायचा तर गेरहार्ड रिश्टर या जर्मन चित्रकाराची साइट उघडा. १९६२ च्या 'टेबल' या चित्राला त्यांनी क्रमांक १ दिला आणि तिथून पुढच्या कामाला ते क्रमांक देत गेले. साइटवर चित्रं क्रमांकानं, वर्षानं, विषयानं शोधता येतात. कुठलं चित्र कुठल्या प्रदर्शनात होतं तेही सापडतं. एवढा व्याप सगळ्यांना झेपणार नाही हे मान्य. पण कामाची नोंद ठेवायची शिस्त कुणालाही लावून घेता येते, आणि ती उशिरा लावली तर जुन्या चित्रांची मापं मिळत नाहीत, कारण चित्रं दुसऱ्यांच्या भिंतीवर गेलेली असतात.

स्वतःची जागा स्वतः उभारायची ओढ जुनीच आहे. १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी निवड समितीनं गुस्ताव्ह कूर्बे यांची काही महत्त्वाची चित्रं नाकारली. तेव्हा त्यांनी जवळच स्वतःचा मंडप उभारून तिथं आपली चित्रं लावली, आणि सोबत छापील यादी व स्वतःचं निवेदनही दिलं. आजच्या चांगल्या साइटवर याहून वेगळं काय असतं?

तुमचे अनुभव लिहा. मतभेद असतील तर तेही लिहा, त्यातूनच काही हाती लागेल.

टीपकागद

धागा महत्त्वाचा आहे, पण मला निम्मंच पटलं.

मी पुस्तकांसाठी चित्रं काढतो. माझ्या साइटवर येणारा संपादक माझं सगळं काम चाळायला आलेला नसतो. त्याच्या टेबलावर एक गोष्ट पडलेली असते आणि त्याला एवढंच बघायचं असतं की या माणसाला ही गोष्ट पेलेल का. लहान मूल पहिल्या पानावर जसं आहे तसंच शेवटच्या पानावर ओळखू येतं का? माणसांचे हात जमतात का? घराच्या आतलं, बाहेरचं, रात्रीचं, गर्दीचं चित्र आहे का? त्यामुळे मी साइटवर सुटी सुंदर चित्रं कमी ठेवतो आणि एका पुस्तकाची सलग पानं लावतो. कच्च्या रेखाटनापासून छापील पानापर्यंतचा एक पूर्ण प्रवासही ठेवला आहे. मी सूचना ऐकतो आणि काम पूर्ण करून देतो, हे सांगण्याचा त्याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

रेघोटी, तुम्ही म्हणता तशी सगळ्या कामाची नोंद माझ्याकडेही आहे, पण ती घरच्या संगणकावर. जे काम साइटवर दिसतं तसलंच काम पुन्हा मागायला लोक येतात. मला यंत्रांची तांत्रिक चित्रं काढायचा कंटाळा आला होता. ती साइटवर होती तोवर मागणी त्यांचीच यायची. ती उतरवली, प्राण्यांची चित्रं वर आणली, तीसुद्धा कुणी न सांगता स्वतःसाठी काढलेली. मागणीचा रोख बदलायला वेळ लागला, पण बदलला. म्हणून उपयोजित काम करणाऱ्यांना माझं सांगणं, पुढं जे करायचं आहे ते लावा.

निळसर

वाचते आहे. दोघांचंही पटतंय.

उत्तररंग

मी एका कलादालनात काम करते आणि प्रदर्शनांसाठी चित्रकार निवडण्याच्या निमित्तानं सतत साइट बघत असते. पलीकडच्या बाजूनं काय दिसतं ते लिहिते.

पहिल्यांदा काम बघते. मग वर्षं बघते. सर्वांत नवं काम कधीचं आहे आणि त्याआधीच्या कामाशी त्याचं नातं काय आहे, हे मला कळायला हवं. साइटवर सगळी चित्रं एकाच ढिगात असतील तर ते कळत नाही. मालिका वेगळ्या ठेवाव्यात, नवी वर, जुनी खाली. त्यानंतर प्रत्यक्ष प्रदर्शनातलं एखादं छायाचित्र शोधते, जिथं काम भिंतीवर आहे आणि खोली दिसते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कापून लावलेली दहा चित्रं जे सांगत नाहीत ते असं एक छायाचित्र सांगतं. मांडणशिल्पाच्या बाबतीत तर हेच मुख्य. त्यात छायाचित्र घेणाऱ्याचं नाव द्यायला विसरू नका, तो त्याचा हक्क आहे.

मग परिचय. इथं दोन गोष्टींची गल्लत होते. परिचय म्हणजे तुम्ही कोण, कुठं शिकलात, कुठं काम दाखवलंत. तो तृतीयपुरुषी असावा, कारण आम्ही तो जसाच्या तसा उचलून माहितीपत्रकात टाकतो. दोन-तीन वाक्यांचा एक आणि एका परिच्छेदाचा एक, असे दोन तयार ठेवलेत तर दुवा द्याल त्या प्रत्येक माणसाचे कष्ट वाचतील. एकल आणि समूह प्रदर्शनं वेगळी लिहा. समूह प्रदर्शन एकल म्हणून खपवलेलं लगेच लक्षात येतं आणि मग बाकीच्या यादीवरचाही विश्वास उडतो.

निवेदन म्हणजे कामाविषयी तुमचं म्हणणं. ते प्रथमपुरुषी असू दे. 'माझी कला मानवी अस्तित्वाचा शोध घेते' हे वाक्य कुणाच्याही साइटवर चिकटवता येईल, म्हणून ते कुणाचंच नाही. त्याऐवजी हात काय करतात ते सांगा. कागद भिजवून, पिळून, वाळवून त्यावर शाई सोडता का? एकच खिडकी वर्षानुवर्षं रंगवता का? का, ते तुम्हाला ठाऊक असेल तर लिहा, नसेल तर बघणारा शोधेल. मला अशी निवेदनं आठवतात ज्यांत एकही मोठा शब्द नव्हता, आणि ती वाचून मी चित्रं पुन्हा पहिल्यापासून बघितली.

टीपकागद, तुमचा मुद्दा तुमच्या क्षेत्रापुरता शंभर टक्के बरोबर. पण निव्वळ चित्रकारानं जुनं काम उतरवू नये असं मला वाटतं. वाट कुठून आली हे दिसलं तरच आत्ताचं वळण कळतं.

रेघोटी

टीपकागद, तुमच्या प्रतिसादामुळे माझं म्हणणं मला जास्त नेमकं मांडता येईल. येणारा माणूस शोधत आलेला असतो हे दोन्हीकडे खरं आहे. तुमच्याकडे येणारा उद्याच्या कामासाठी येतो, उत्तररंगताईंसारखे लोक आजवरचा प्रवास बघायला येतात. तेव्हा साइट कशी असावी हे ठरवायच्या आधी स्वतःला विचारायचं की माझं नाव लिहून शोधणारा कोण आहे. दोन्ही प्रकारचं काम करणाऱ्यांनी दोन दारं ठेवावीत. मुखपृष्ठं एकीकडे, कॅनव्हास दुसरीकडे. एकाच रांगेत लावले की दोघंही गोंधळतात.

प्रकाशछाया

कलाकृतींची छायाचित्रं काढणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे माझा सगळा जीव या एका गोष्टीत आहे. साइट कितीही देखणी असो, चित्राचा फोटो वाईट असेल तर सगळं वाया.

तैलचित्रावर चकाकी येते. दोन सारखे दिवे चित्राच्या दोन बाजूंना साधारण ४५ अंशांत ठेवले की ती बरीच जाते. तरी उरली तर दिव्यांपुढं ध्रुवक (पोलरायझिंग) पडदे आणि लेन्सवर ध्रुवक फिल्टर लावून तो फिरवायचा. रंगाचे थर जाड असतील तर मात्र चकाकी सगळी मारू नये, नाहीतर ब्रशचा फटकारा सपाट दिसतो. कॅमेऱ्याचा मध्य चित्राच्या मध्यासमोर हवा आणि कॅमेरा चित्राला समांतर हवा. नाहीतर आयत तिरका येतो, मग कापून सरळ करताना कडा जातात, आणि कडेला तर बऱ्याचदा सही असते.

रंगांचं म्हणाल तर एका शॉटमध्ये चित्राशेजारी रंगपट्टी किंवा निदान करडं कार्ड ठेवा. नंतर रंग आठवणीनं दुरुस्त करावे लागत नाहीत. आणि वेबवर टाकायची फाइल एसआरजीबी या रंगावकाशात, म्हणजे रंगांच्या ठरावीक पल्ल्यात, काढा. १९९६ मध्ये मांडला गेलेला आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेला हा रंगावकाश साधारण पडद्यांसाठीच आहे. अॅडोबी आरजीबी या जास्त रुंद पल्ल्यातली फाइल रंगांची माहिती सांगणारं प्रोफाइल न जोडता तशीच चढवली की रंग उदास, धुतल्यासारखे दिसतात. चित्रकार मग साइटला दोष देतात आणि रंग हातानं भडक करत बसतात. तसं करू नका. चित्र प्रत्यक्ष बघणाऱ्याची निराशा होते आणि ती तो बोलून दाखवत नाही.

प्रत्येक मोठ्या कामाबरोबर एक तपशिलाचा फोटो द्या, अगदी जवळून घेतलेला. कॅनव्हासचं विणकाम, कागदाची धार, छाप्याचा दाब. पडद्यावर स्पर्शाच्या जवळ जायचं ते एवढंच साधन आहे.

जलरंगी

चोरीचं काय? मोठा फोटो टाकला की कुणीही उचलून छापतो. म्हणून मी लहानच टाकतो, त्यावर नाव आडवं लिहितो आणि राइट क्लिक बंद केलं आहे.

प्रकाशछाया

@जलरंगी, काळजी समजू शकतो. पण राइट क्लिक बंद केल्यानं स्क्रीनशॉट थांबत नाही. त्रास होतो तो फक्त सरळमार्गी माणसाला, ज्याला तुमचं चित्र कुणाला तरी दाखवायचं असतं. चित्राच्या मधोमध नाव लिहिलं की चित्र कुणालाच बघता येत नाही, तुमच्या भावी ग्राहकालाही नाही.

मी मध्यम मार्ग सांगतो. लांब बाजू १६०० ते २००० पिक्सेलच्या आसपास ठेवा. पडद्यावर छान दिसतं, पण मोठा, दर्जेदार छापा निघत नाही. फाइलच्या आत आयपीटीसी रकान्यांत (चित्रासोबत माहिती ठेवायची ही ठरलेली पद्धत) निर्मात्याचं नाव, हक्काची ओळ, संपर्क भरा. गूगल इमेजेसवर २०१८ पासून ही माहिती चित्राबरोबर दाखवायची सोय आहे. अनेक समाजमाध्यमं ती चढवतानाच पुसून टाकतात, स्वतःच्या साइटवर ती टिकवता येते. आणि कायद्याचं बघाल तर बर्न करार या लेखक-कलावंतांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार हक्क चित्र निर्माण होताच तुमचा असतो, त्यासाठी नोंदणीची किंवा चिन्हाची अट नाही.

दुसरी बाजूही बघा. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं २०१२ मध्ये सव्वा लाख कलाकृतींची मोठी छायाचित्रं लोकांना उतरवून घ्यायला खुली केली. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानं २०१७ मध्ये ३,७५,००० प्रतिमा खुल्या केल्या. ती हक्कमुक्त जुनी चित्रं आहेत, जिवंत चित्रकाराची गोष्ट वेगळी, हे मला कळतं. पण चित्र नीट दिसलं म्हणून मूळ चित्राची ओढ कमी होते, असं त्यावरून तरी वाटत नाही.

काजळमाया

चोरीपेक्षा मला एआयची धास्ती जास्त आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आर्टस्टेशन या चित्रकारांच्या कामाच्या साइटवर चित्रकारांनी आपापल्या पानांवर एआयविरोधी फलक लावून निषेध केला होता, तेव्हापासून मी हे बघते आहे. कुणी काही उपाय केले आहेत का? मला साइट काढूनच टाकावीशी वाटते.

दोरागाठ

साइट बांधणं हे माझं काम, म्हणून उत्तर देतो. काढू नका.

साइटच्या मुळाशी रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची साधी फाइल ठेवता येते. १९९४ पासूनची पद्धत आहे. कुठल्या यंत्रानं आत यावं आणि कुणी येऊ नये ते तिथं लिहायचं. ओपनएआयनं २०२३ मध्ये साइटवरचा मजकूर गोळा करणाऱ्या आपल्या जीपीटीबॉट या यंत्राचं नाव जाहीर केलं, तेव्हापासून त्याला नावानिशी मनाई करता येते. पण ही मनाई म्हणजे विनंती आहे, पाळणं समोरच्यावर. जो पाळत नाही त्याला सर्व्हरवरच अडवावं लागतं, तेही पुरतं जमत नाही. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्लेझ (२०२३) आणि नाइटशेड (२०२४) ही साधनं विनामूल्य दिली आहेत. पहिलं चित्रात डोळ्यांना जेमतेम जाणवतील असे बदल करून शैलीची नक्कल अवघड करतं, दुसरं शिकणाऱ्या यंत्राची दिशाभूल करतं. हे कायमचं कवच नाही असं ग्लेझ करणारे स्वतःच सांगतात. सपाट रंगाच्या चित्रांवर ते बदल दिसूही शकतात, तेव्हा आधी एका चित्रावर करून बघा.

साइट काढली तर यंत्रांना अन्यत्र चढलेली तुमची चित्रं सापडतीलच. सापडणार नाही ते फक्त तुम्हाला शोधणाऱ्या माणसाला.

आता माझ्या मनातला मुख्य मुद्दा. जागा कुणाच्या मालकीची? याहू कंपनीनं १९९९ मध्ये लोकांना पानं बांधायला जागा देणारं जिओसिटीज विकत घेतलं आणि २००९ मध्ये बहुतेक सगळं बंद केलं. लोकांनी हातानं बांधलेली पानं गेली. मायस्पेस या समाजमाध्यमानं २०१९ मध्ये कबूल केलं की सर्व्हर बदलताना जुनी छायाचित्रं, गाणी, चित्रफिती गेल्या. चिनी चित्रकार ऐ वेईवेई यांचा सिना या चिनी संकेतस्थळावरचा ब्लॉग २००९ मध्ये एका फटक्यात पुसला गेला. इन्स्टाग्रामवर २०१५ पर्यंत चित्र चौरसच लावावं लागायचं, आणि ज्यांनी चौरसांची सुंदर रचना लावली त्यांची मांडणी २०२५ मध्ये खिडक्या उभ्या झाल्यावर मोडली. दुसऱ्याच्या जागेत मांडामांडीचे नियम दुसराच ठरवतो.

स्वतःची साइटसुद्धा आपोआप टिकत नाही हेही सांगायला हवं. या शतकाच्या पहिल्या दशकात कितीतरी चित्रकारांनी साइट फ्लॅश या हलत्या पानांच्या तंत्रात केल्या होत्या. आयफोननं फ्लॅश कधीच चालवलं नाही आणि ३१ डिसेंबर २०२० ला अॅडोबीनं ते थांबवलं. त्या साइट आज उघडल्या तर रिकामी चौकट दिसते. उलट डॅनियल इटॉक आणि जेफरी व्हास्का यांनी २००६ च्या सुमारास आणलेल्या इंडेक्सहिबिट या साइट बांधायच्या साधनाची साधी मांडणी, म्हणजे डावीकडे नावांची यादी आणि उजवीकडे काम, आजही डोळ्यांना जुनी वाटत नाही. प्यू या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत २०१३ मधल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडली नाहीत.

तेव्हा डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घ्या. ज्यानं साइट करून दिली त्याच्या खात्यात राहू देऊ नका. यावरून झालेले वाद मी फार बघितले आहेत. नूतनीकरणाची सूचना ज्या ईमेलवर येते ते ईमेल त्याच डोमेनवरचं नसावं, नाहीतर डोमेन बंद पडल्यावर सूचनाही बंद. साधन कुठलंही वापरा, पण मजकूर आणि चित्रं बाहेर काढता येतात का हे आधी तपासा. वर्षातून एकदा वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात आपली पानं साठवा, फुकट आहे.

काजळमाया

धन्यवाद दोरागाठ. साइट ठेवते. ग्लेझ एका चित्रावर करून बघेन.

श्रुतिपट

मला दिसत नाही. मी पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर वाचतो आणि चित्रकलेत मला खूप रस आहे. हे दोन्ही एकत्र असू शकतं हे चित्रकारांच्या लक्षात येत नसावं.

बहुतेक चित्रकारांच्या साइटवर मला ऐकू येतं 'प्रतिमा, प्रतिमा, आयएमजी शून्य शून्य चार दोन, प्रतिमा'. चित्राला पर्यायी मजकूर जोडायची सोय बहुतेक साधनांत असते. डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या नियमांची पहिली आवृत्ती १९९९ ची, आणि तिच्यातली पहिलीच सूचना हीच होती. तरी रकाना रिकामा.

कसं लिहावं ते सांगतो. 'सुंदर निसर्गचित्र' यातून मला काही मिळत नाही. 'दोन तृतीयांश भाग करडं आभाळ. खाली ओल्या रस्त्याची पट्टी. उजव्या कडेला छत्री धरलेली व्यक्ती, पाठमोरी, चौकटीतून बाहेर पडत असलेली. रंग पातळ, कागद जागोजागी कोरा सोडलेला.' हे ऐकलं की माझ्या मनात चित्र उभं राहतं. अमूर्त चित्राचंही वर्णन करता येतं. कुठला रंग कुठून कुठं जातो, कडा तीक्ष्ण आहेत की विरघळलेल्या, नजर कुठं अडते. आधी जे दिसतं ते, अर्थ नंतर. अर्थ माझा मी लावेन, मला तेवढी मोकळीक हवी.

माझ्या ओळखीच्या एका चित्रकर्तीनं हे मनावर घेतलं. ती सांगते की वर्णन लिहिताना तिला स्वतःच्या चित्रातल्या अशा जागा सापडल्या ज्यांकडे तिचं आधी लक्ष नव्हतं.

रेघोटी

श्रुतिपट, धाग्यातला हा सर्वांत मोलाचा प्रतिसाद. शोधत आलेल्या माणसांची यादी मी वर दिली, त्यात तुम्ही हवे होतात. चित्रशोधात इंजिनांनाही हाच मजकूर उपयोगी पडतो, पण तुमच्यासाठी लिहिला तरच तो चांगला होईल.

निळसर

श्रुतिपट +१. आजच सुरुवात करते.

उलटसुलट

एक वेगळी दिशा. आपण सगळे साइटला कामाची नोंद किंवा जाहिरात धरून बोलतो आहोत. काही जणांसाठी साइट हीच कलाकृती आहे. 'जोडी' (JODI) या नावानं काम करणाऱ्या दोघा कलावंतांच्या १९९५ च्या एका पानावर हिरव्या अक्षरांचा पसारा दिसतो, पण पानाचा मूळ कोड उघडला की तिथं बॉम्बची आकृती रेखलेली असते. राफाएल रोझेनदाल प्रत्येक काम स्वतंत्र डोमेनवर ठेवतात आणि डोमेनसकट विकतात. त्यांच्या करारात विकत घेणाऱ्यानं ते काम सर्वांसाठी खुलं ठेवायची अट आहे, आणि मालकाचं नाव पानाच्या शीर्षकात येतं. विकलं गेलं तरी सगळ्यांना बघता येतं, मला हे फार सुंदर वाटतं. वेब हे माध्यम म्हणून हाताळणाऱ्यांनी इथले नियम खुशाल मोडावेत. बाकीच्यांनी मात्र चित्रापेक्षा साइटच जास्त बोलणार नाही याची काळजी घ्यावी.

मातीकाम

नमस्कार. मी सिरॅमिक शिल्पं करते, नुकतीच सुरुवात आहे, मन भरेल अशी कामं मोजकीच. इतक्यात साइट करणं योग्य आहे का? आणि किमती लिहाव्यात का?

उत्तररंग

@मातीकाम, जरूर करा. एक पान पुरे. मोजकी चांगली कामं, दोन ओळींचा परिचय, ईमेल पत्ता. फॉर्मपेक्षा उघडा पत्ता बरा, फॉर्ममधून आलेले निरोप कधी कधी स्पॅममध्ये अडकतात आणि कुणाला कळतही नाही. 'लवकरच येत आहे' अशी रिकामी पानं अजिबात ठेवू नका. शिल्प असल्यामुळे किमान तीन बाजूंनी फोटो हवेत, आणि एकात हात किंवा ओळखीची वस्तू, आकार कळेल अशी. नाव ज्या ज्या लिपीत लिहिलं जातं त्या सगळ्या लिपींत एकदा तरी साइटवर येऊ द्या, शोधणारा कुठल्या लिपीत शोधेल सांगता येत नाही.

किमतींबाबत कलादालनाशी करार असेल तर त्यांना विचारूनच. दोन ठिकाणी दोन किमती दिसल्या तर सगळ्यांचंच नुकसान.

टीपकागद

किमतीबद्दल माझं मत वेगळं आहे. करार नसेल तर लिहाव्यात. विचारायला संकोचणारे पुष्कळ असतात आणि ते न विचारताच निघून जातात. सगळ्या नको असतील तर निदान 'उपलब्ध' आणि 'संग्रहात' एवढं तरी लिहावं.

रेघोटी

यात मी टीपकागद यांच्या बाजूची. 'संग्रहात' लिहिताना मालकाचं नाव मात्र त्याला विचारल्याशिवाय देऊ नये, 'खाजगी संग्रह' पुरे.

मातीकाम

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं विचारते. वर्ष कुठलं लिहायचं? माझं एक काम एका वर्षी घडवलं, कच्चं भाजलं, आणि ग्लेझ (भट्टीत काचेसारखा होणारा लेप) लावून पुन्हा भट्टीत गेलं ते पुढच्या वर्षी.

उत्तररंग

दोन्ही वर्षं मधे आडवी रेघ देऊन लिहा. मधे बराच काळ ते नुसतं पडून असेल तर पूर्ण झालं ते वर्ष पुरतं. प्रदर्शनाचं वर्ष मात्र लिहू नका, ती चूक फार होते. छायाचित्रकारांनी टिपल्याचं आणि छापल्याचं अशी दोन वर्षं द्यावीत, मुद्राचित्रकारांनी प्रतींची संख्याही. आणि मातीकाम, माध्यमात नुसतं 'सिरॅमिक' लिहू नका. स्टोनवेअर की टेराकोटा, कुठलं ग्लेझ, तेही लिहा. तुमच्या कामात तर तो अर्धा विषय आहे.